फुटकी बादली, १२८ संघ आणि एकदाच मिळणारा विश्वचषक

२००१ चा पावसाळा. नागपुरातील हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे पावसामुळे आडोशाला थांबले होते. समोर झोपडपट्टीतील काही मुले चिखलात एक फुटकी बादली लाथाडत होती. ना मैदान, ना गोलखांब, ना चेंडू. तरीही पास होत होते, बादली हिसकावली जात होती आणि भांडणेही होत होती. बारसे यांनी त्या मुलांच्या हाती फुटबॉल दिला.

इथपर्यंतची हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला आणि ती घरोघर पोहोचली. हा धागा त्यानंतर उभ्या राहिलेल्या प्रश्नाचा आहे. चेंडू तर दिला, आता या मुलांना काय शिकवायचे? जिंकायला की खेळायला?

प्रश्न वरवर भाबडा वाटतो. खेळणारा प्रत्येक जण जिंकण्यासाठीच खेळतो, असे कोणीही म्हणेल. पण मुलांच्या फुटबॉलचा गेल्या शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास तपासला, तर या दोन गोष्टी अनेकदा एकमेकींच्या आड आलेल्या दिसतात. आणि त्या कुठे आड येतात, हे प्रशिक्षकाच्या स्वभावापेक्षा स्पर्धेच्या नियमांवर अधिक अवलंबून असते.

बारसे यांनी पहिली गोष्ट केली ती स्पर्धा भरवण्याची. नाव ठेवले ‘झोपडपट्टी फुटबॉल’. ज्या शब्दाने या वस्त्यांना हिणवले जाई, तोच त्यांनी फलकावर लिहिला. खेळाडू झोपडपट्टीत राहणारा असावा, ही अट. पहिल्याच स्पर्धेत १२८ संघ उतरले.

१२८ हा आकडा क्षणभर डोळ्यांपुढे ठेवावा. दोनचा सातवा घात. बाद पद्धतीच्या स्पर्धेसाठी याहून नेटकी संख्या शोधून सापडायची नाही. १२८ चे ६४, ६४ चे ३२, आणि सातव्या फेरीत अंतिम सामना. एकूण सामने १२७. आता हेच गणित हरणाऱ्याच्या बाजूने मांडले, तर पहिल्या फेरीतच ६४ संघ घरी जातात. म्हणजे निम्म्या मुलांच्या वाट्याला एकच सामना येतो, आणि सरासरी काढली तर प्रत्येक संघाला दोन सामनेही मिळत नाहीत. ज्याला खेळाची सर्वाधिक गरज, तोच सर्वांत आधी बाहेर. कोणत्याही बाद स्पर्धेचा हा अंगभूत गुण आहे. त्यात आयोजकाचा दोष नसतो.

मग मुलांसाठीही बाद पद्धतच का सुचते? यासाठी थोडे मागे जावे लागेल.

फुटबॉल भारतात आला तो चषकाच्या रूपात. १८८८ मध्ये सिमल्याला ड्युरँड चषक सुरू झाला, १८९१ मध्ये मुंबईला रोव्हर्स चषक, १८९३ मध्ये कलकत्त्याला आयएफए शील्ड. साखळी स्पर्धा मागाहून आल्या. कलकत्त्याची लीग १८९८ ची, मुंबईची हारवुड लीग १९०२ ची. प्रारंभी हा खेळ गोऱ्या पलटणींचा होता. पलटण आज इथे, उद्या तिथे. तिला वर्षभराची साखळी परवडणारी नव्हती. थोड्या दिवसांत एक विजेता ठरवणारी बाद पद्धत छावणीच्या वेळापत्रकात बसत होती. नागपूरच्या उशाशी असलेले कामठी ही १८२१ ची लष्करी छावणी. रब्बानी क्लबसारख्या संघामुळे कामठीचे नाव विदर्भाच्या फुटबॉलमध्ये आजही आदराने घेतले जाते.

पुढे २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. तेव्हापासून या देशात फुटबॉलच्या चषकाला निव्वळ धातूच्या भांड्याहून मोठा अर्थ आला. गुलामाने राज्यकर्त्याला त्याच्याच खेळात, त्याच्याच नियमांनी हरवले होते. असा विजय पाहिलेल्या समाजाला ‘निकाल महत्त्वाचा नाही’ हे सांगणे कठीणच.

स्वातंत्र्यानंतर शाळांनी तोच साचा उचलला. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या कल्पनेतून १९६० मध्ये शालेय मुलांसाठी सुब्रतो चषक सुरू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोकियोत मुखर्जी यांचे निधन झाले. या स्पर्धेने खेड्यापाड्यांतील मुलांना दिल्लीचे मैदान दाखवले, हे तिचे ऋण मोठे आहे. पण शालेय स्पर्धांना एक रोग जडला, तो वय चोरण्याचा. सतरा वर्षांखालील गटात वीस वर्षांचा तरुण उतरू लागला. जन्मदाखल्यावर भरवसा उरला नाही, तेव्हा मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढणे सुरू झाले. मुलांच्या खेळात हाडांची साक्ष काढावी लागते, यावरूनच निकालाचे ओझे किती होते ते कळते.

वयचोरीचे नुकसान केवळ प्रतिस्पर्ध्याचे होत नाही. बारा वर्षांच्या संघात पंधरा वर्षांचा मुलगा असला की सारा खेळ त्याच्याभोवती फिरतो. चेंडू लांब मारायचा, तो धावेल, तो ताकदीने गोल करेल. बाकीच्यांनी फक्त चेंडू त्याच्याकडे पोहोचवायचा. सामना जिंकला जातो, प्रशिक्षकाची पाठ थोपटली जाते. पुढे सारेच अठरा वर्षांचे होतात आणि त्या थोराड मुलाचे शारीरिक वर्चस्व संपते. तोवर त्याला ड्रिबलिंग शिकण्याची गरजच पडलेली नसते. आणि ज्या लहानखुऱ्या मुलाने ते शिकले असते, तो राखीव खेळाडूंच्या बाकावरूनच खेळ सोडून गेलेला असतो. असा मुलगा कोणत्याही नोंदीत सापडत नाही.

नागपुरात पुढे जे घडले त्याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. बारसे स्पर्धेपाशी थांबले नाहीत. क्रीडा विकास संस्थेच्या छायेत हे काम वाढले आणि ‘स्लम सॉकर’ या नावाने ओळखले जाऊ लागले. निवृत्तीनंतर मिळालेला पैसा त्यांनी शहराबाहेर खेळासाठी जागा घेण्यात घातला. अमेरिकेत शिकणारे पुत्र अभिजित परतले आणि त्यांनी कामाची घडी बसवली. वर्षातून एकदा भरणाऱ्या स्पर्धेच्या जोडीला वस्त्यांमधून नियमित चालणारी केंद्रे आली. खेळातून गणित आणि इंग्रजी शिकवणारा ‘एज्युकिक’ हा उपक्रम आला, मुलींसाठी आणि कर्णबधिर मुलांसाठी वेगळे उपक्रम आले. काल खेळणारी मुले आज लहानांना शिकवू लागली.

हा बदल दिसायला साधा, पण त्याने हिशेबच पालटला. स्पर्धेत ‘किती सामने जिंकले’ हे मोजतात. केंद्रात ‘पुढच्या आठवड्यात कोण परत आले’ हे मोजावे लागते. व्यसन, मारामारी, चोरी यांच्या ओढीत सापडलेल्या मुलाच्या बाबतीत दुसरा आकडा अधिक बोलका असतो. पहिल्या फेरीत हरून घरी गेलेला मुलगा ज्या घरी जातो, ती वस्ती तीच असते.

इथे एक विलक्षण योगायोग आहे. ज्या २००१ मध्ये नागपुरात बादलीचा प्रसंग घडला, त्याच वर्षी केपटाउनमध्ये रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांची एक परिषद भरली होती. तिथे स्कॉटलंडचे मेल यंग आणि ऑस्ट्रियाचे हाराल्ड श्मीड यांच्या बोलण्यातून बेघरांच्या विश्वचषकाची कल्पना निघाली. २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे पहिली स्पर्धा झाली, तिच्यात १८ देश होते. पुढे भारताचा संघ या स्पर्धेत उतरू लागला तो नागपूरच्या याच संस्थेमार्फत.

या स्पर्धेची नियमावली मुळातून वाचण्याजोगी आहे. मैदान लहान. एका वेळी चार खेळाडू, तीन मैदानात आणि एक गोलरक्षक. सात-सात मिनिटांचे दोन डाव. बरोबरी झाली तर पेनल्टीने निकाल, पण त्यात हरणाऱ्यालाही एक गुण मिळतो. प्राथमिक फेऱ्यांत मागे पडलेला संघ घरी जात नाही. आपल्या तोडीच्या संघांबरोबर तो दुसऱ्या एखाद्या करंडकासाठी शेवटच्या दिवसापर्यंत खेळत राहतो.

आणि सर्वांत कठोर नियम असा, की एका खेळाडूला ही स्पर्धा आयुष्यात एकदाच खेळता येते.

या नियमाचा परिणाम लक्षात घ्यावा. जगातील प्रत्येक प्रशिक्षक आपला उत्तम खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखून ठेवतो. इथे ते शक्य नाही. यंदा सर्वाधिक गोल करणारा पुढच्या वर्षी संघात नसणार, हे आधीच ठरलेले. चषक राखायचा म्हटला तरी ज्यांनी तो जिंकला ते खेळाडू हाताशी नाहीत. दरवर्षी नवी मुले शोधा, घडवा, त्यांचे पासपोर्ट काढा. ज्याला सातत्याने जिंकायचे असेल त्याला सातत्याने नवे खेळाडू घडवावे लागतील. विजयाची भूक या नियमाने नाकारलेली नाही. तिला कामाला जुंपले आहे.

अशीच दुसरी कल्पना लॅटिन अमेरिकेतून आली, आणि तिचा उगम रक्तरंजित आहे. १९९४ च्या विश्वचषकात कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून अमेरिकेविरुद्ध स्वयंगोल झाला. मायदेशी परतल्यावर २ जुलै १९९४ रोजी मेडेयिन शहरात त्याची गोळ्या घालून हत्या झाली. त्याच शहरात युर्गन ग्रीसबेक या जर्मन गृहस्थाने गल्लीतील टोळ्यांच्या मुलांना फुटबॉलमधून एकत्र आणणे सुरू केले. तिथे पंच नव्हता. मुले-मुली एकाच संघात, आणि पहिला गोल मुलीनेच करायचा. त्यातून पुढे तीन भागांचा सामना रूढ झाला. पहिल्या भागात दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, दुसऱ्यात खेळतात, तिसऱ्यात पुन्हा बसून कोण कसे वागले याचे गुण देतात. गोल अधिक करूनही वागणुकीच्या गुणांत मागे पडलेला संघ हरू शकतो. या कामातून उभ्या राहिलेल्या जागतिक जाळ्यात नागपूरची ‘स्लम सॉकर’ही सहभागी झाली. २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार या संस्थेला मिळाला.

यावर कोणी म्हणेल, हे सारे समाजकार्य झाले. खरा फुटबॉल वेगळा. म्हणून एक उदाहरण अगदी व्यावसायिक जगातले. २००० ची युरो स्पर्धा बेल्जियमने नेदरलँड्ससोबत भरवली आणि यजमान असूनही त्यांचा संघ प्राथमिक गटातच गारद झाला. त्यानंतर तांत्रिक संचालक मिशेल साब्लोन यांनी ल्युव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांकडून मुलांचे सुमारे १,५०० सामने चित्रित करून तपासून घेतले. निष्कर्ष असा, की मुलांच्या सामन्यांत जिंकण्यावर भर फार आणि लहान मुलांच्या पायाला चेंडू मात्र क्वचितच लागतो. उपाय म्हणून सर्वांत लहान गटांतले गुणतक्ते काढून टाकले गेले, मैदाने आणि संघ लहान केले गेले. क्लबांनी विरोध केला, कारण तक्ता नसेल तर आपण पहिले आहोत हे पालकांना दाखवायचे कसे? पुढे बेल्जियम २०१५ मध्ये फिफा क्रमवारीत पहिला आला आणि २०१८ च्या विश्वचषकात तिसरा. नॉर्वेने तर १९८७ पासूनच मुलांच्या स्पर्धांवर बंधने घातली होती.

तक्ते काढल्यामुळेच बेल्जियम वर गेला, असे छातीठोकपणे कोणी सांगू नये. मुलांनी चेंडूला अधिक वेळा पाय लावला तर नुकसान झाले नाही, इतके मात्र निश्चित म्हणता येते. भारतीय फुटबॉल महासंघानेही २०१८ मध्ये सहा ते बारा वयाच्या मुलांसाठी ‘गोल्डन बेबी लीग’ आणली, तिच्यामागे हाच विचार होता.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि ती नागपुरातच अधिक स्पष्ट दिसते.

ओस्लोच्या किंवा ब्रुसेल्सच्या मुलाला निकाल विसरायला सांगणे सोपे आहे. हरला काय, जिंकला काय, त्याचे भविष्य त्यावर टांगलेले नसते. महाराष्ट्रात मात्र दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना वाढीव क्रीडागुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि ते मिळवायचे तर मान्यताप्राप्त स्पर्धेतील प्रावीण्याचे प्रमाणपत्र लागते. रेल्वे आणि पोलीस यांच्या संघांत प्रवेश मिळाला तर कायमची भाकरी. ज्या घरात कोणी कधी पगाराची नोकरी पाहिलेली नाही, त्या घरातील मुलाला ‘जिंकणे महत्त्वाचे नाही, शिकणे महत्त्वाचे’ असे सांगणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यायला हवे. त्या मुलासाठी उपांत्य फेरीतील एक गोल हा खरोखर चरितार्थाचा प्रश्न असू शकतो. वयचोरीही निव्वळ बदमाशीतून जन्मलेली नाही. तिची मुळे या गरजेपर्यंत जातात.

म्हणजे निकालाला नोकरीची किंमत लावली शासनाने आणि व्यवस्थेने, आणि निकालाच्या मागे लागल्याचा दोष मात्र मुलावर आणि त्याच्या प्रशिक्षकावर. हा विरोधाभास ‘खेळाडू घडवा’ म्हणणाऱ्या व्याख्यानांतून फारसा ऐकू येत नाही.

राष्ट्रीय पातळीवर एकदा या कोंडीतून मार्ग काढण्याचा प्रयत्न झाला. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला. भारताने तिन्ही सामने गमावले. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला गोल हा फिफा विश्वचषकांतील भारताचा पहिला गोल. त्या संघात कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव होता, राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. स्पर्धा संपल्यावर ही मुले पांगू नयेत म्हणून ‘इंडियन ॲरोज’ हा संघ पुन्हा उभा केला गेला आणि त्याला प्रौढांच्या आय-लीगमध्ये उतरवले. खास सवलत अशी, की हा संघ शेवटचा आला तरी त्याची पदावनती होणार नाही. २०१७-१८ च्या हंगामात दहा संघांत तो दहावा आला. गुणतक्त्याच्या दृष्टीने हे अपयशच. पण त्या पोरांना वर्षभर मोठ्यांशी टक्कर देत पूर्ण सामने खेळायला मिळाले आणि त्यांतील कित्येक पुढे मोठ्या क्लबांतून व वरिष्ठ राष्ट्रीय संघातून खेळले. २०२२ मध्ये हा संघ बंद करण्यात आला.

पुन्हा नागपूर. ‘झुंड’मध्ये अमिताभ बच्चन यांनी बारसे यांच्यावर बेतलेली विजय बोराडे ही भूमिका केली. पूर्वार्धात वस्तीतील मुले आणि महाविद्यालयाचा संघ यांच्यातला सामना येतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, जिंकण्याची तहान भागते. उत्तरार्धात मात्र मंजुळे चेंडू जवळजवळ बाजूला ठेवतात. पासपोर्ट, ओळखपत्र, पोलिसांचा दाखला, आदिवासी बापलेकीची कागदपत्रांसाठीची पायपीट. परदेशातल्या त्या स्पर्धेत पुढे काय झाले हे चित्रपट दाखवतच नाही. विमान वस्तीवरून उडून जाते आणि कथा तिथेच थांबते. खेळावरच्या चित्रपटात अंतिम सामना नसावा, याने काही प्रेक्षक हिरमुसले. पण ज्या स्पर्धेविषयी हा चित्रपट आहे, तिची नियमावली ज्यांनी वाचली आहे त्यांना तो शेवट चपखल वाटेल.

त्या विमानातून प्रत्यक्षात गेलेल्यांपैकी सर्वांत परिचित नाव अखिलेश पॉलचे. नागपूरच्या वस्तीत वाढलेला, कोवळ्या वयात गुन्हेगारीत ओढला गेलेला हा मुलगा बारसे यांच्या मैदानावर आला आणि २०१० मध्ये रिओ दि जानेरोच्या बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला. ज्या देशाच्या फुटबॉलवर अवघे जग भाळते, त्या देशात, समुद्राच्या काठी, चौदा-चौदा मिनिटांचे सामने.

पुढची स्पर्धा २०११ मध्ये पॅरिसला झाली. नियमाप्रमाणे रिओत खेळलेला एकही खेळाडू तिथे उतरू शकत नव्हता. भारताच्या संघात सारी नवी मुले हवी होती. अखिलेश तोवर नागपुरात लहान मुलांना शिकवण्याच्या कामाला लागला होता.